‘अजून किती?’ : डॉक्टरांचा आकडा आणि त्याचा पल्ला

कोवलमहून बोलतोय. केरळातलं प्रसिद्ध कोवलम नव्हे, हे चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरचं कोळ्यांचं गाव. १७५२ साली क्लाइव्हने इथला किल्ला घेतला होता. तोफखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर राहायला ही जागा का आवडली, ते तुम्हीच ओळखा. मागे वाऱ्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

आजचा विषय जड आहे. तरुण वयात, म्हणजे पन्नाशीच्या आत, मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला आणि तो निघाला तेव्हाच पसरलेला होता, तर पुढे किती आयुष्य आहे हे कसं सांगतात, आणि सांगितलेला आकडा घरच्यांनी कसा वाचायचा. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही. पण आकडा, त्यातली चूक आणि त्या चुकीचं माप, हा माझा धंदा होता. गोळा कुठे पडेल याचा अंदाज बांधण्यात मी तीसेक वर्षं घालवली.

निमित्त असं झालं की माझ्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदारांचा फोन आला. सातारा जिल्ह्यातले, आता गावीच असतात. मुलगा इथे ओल्ड महाबलीपुरम रोडवर सॉफ्टवेअर कंपनीत, वय सदतीस, घरात पाच वर्षांची मुलगी. आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ, यकृतात पसरलेली. “साहेब, डॉक्टर म्हणाले दोन वर्षं. म्हणजे पोरीच्या सातव्या वाढदिवसापर्यंत का?” मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, तुम्ही मला रेंज टेबल वाचायला लावताय.” ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “होय साहेब, तेच विचारतोय.”

आता हे रेंज टेबल म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तोफ एकच, गोळे एकाच लॉटचे, कोन तोच, नेम तोच. तरी शंभर गोळे टाकले तर ते एका खड्ड्यात पडत नाहीत. सरासरी पडण्याच्या जागेच्या अलीकडे निम्मे, पलीकडे निम्मे. मधला एक पट्टा असा असतो की त्यात निम्मे गोळे सापडतात, आणि दोन्ही टोकांना, अगदी दूर, शंभरातले एक-दोन. टेबलात अंतराबरोबर त्या पट्ट्याची रुंदीही छापलेली असते. नुसतं अंतर सांगून रुंदी न सांगणाऱ्या माणसाला आम्ही तोफेजवळ उभं करत नसू, कारण पुढे आपलीच पायदळाची माणसं असतात.

डॉक्टर ‘दोन वर्षं’ म्हणतात तो बहुतेक वेळा मध्यक असतो. शाळेत शिकलेला मध्यक: अशा शंभर पेशंटांपैकी पन्नास जण त्याच्या आत गेले, पन्नास त्याच्या पुढे जगले. ती तुमच्या मुलाची तारीख नाही. ती पलटणीबद्दलची गोष्ट आहे, एका जवानाबद्दलची नाही. आणि इथे तोफेपेक्षा एक फरक आहे. गोळे अलीकडे-पलीकडे सारखेच पसरतात. आयुष्याच्या बाबतीत अलीकडची बाजू शून्यापाशी अडते, पलीकडची बाजू मात्र लांबच लांब शेपटीसारखी जाते.

ही शेपटी जगाला समजावून सांगितली ती स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने. १९८२ साली त्याला पोटातला एक दुर्मिळ कॅन्सर झाला. पुस्तकात मध्यक आयुष्य लिहिलं होतं आठ महिने. वय चाळीस. त्याने आकडेमोड करून पाहिली, आपण शेपटीच्या बाजूला असण्याची कारणं मोजली, आणि १९८५ साली त्यावर लेख लिहिला. तो २००२ पर्यंत जगला. आपल्याकडे शरद पवारांचं उदाहरण लोक देतात. २००४ च्या सुमारास तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा एका डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, असं त्यांनी स्वतः जाहीर सभांतून सांगितलंय. मी मात्र ही उदाहरणं पेशंटच्या घरी जाऊन सांगत नाही. एक तर तो रोग वेगळा. दुसरं म्हणजे, ज्यांना सहा महिने सांगितले आणि जे चारच महिन्यांत गेले, ते सभेत येऊन भाषण करत नाहीत.

मग रुंदी कशी काढायची? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मार्टिन स्टॉकलर आणि बेलिंडा काइली या डॉक्टरांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ट्रायल तपासून एक ढोबळ हिशेब बसवलाय, आणि मला तो फार उपयोगी वाटतो. मध्यक घ्या. त्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत साधारण निम्मे पेशंट येतात. सर्वात दुर्दैवी दहातला एक जण मध्यकाच्या चौथ्या ते सहाव्या हिश्श्यात जातो. सर्वात नशीबवान दहातला एक जण तिप्पट-चौपट जगतो. सुभेदारांचे ‘दोन वर्षं’ या हिशेबात घाला. निम्मी मुलं एक ते चार वर्षांत कुठेतरी. दहातला एक चार-सहा महिन्यांतच. दहातला एक सहा-आठ वर्षं किंवा त्याहून पुढे. बघा, आता ‘सातवा वाढदिवस’ हा शब्द नाहीसा झाला. त्याच्या जागी तीन चित्रं आली. वाईट चित्राची तयारी आजच करायची, चांगल्याची आशा ठेवायची, आणि रोजचं जगणं मधल्या चित्राप्रमाणे आखायचं. सैन्यात यालाच योजना म्हणतात.

यानंतर प्रश्न येतो की मध्यक तरी कुणाचा घेतला. इथे थोडं खोलात जाऊ.

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरची अ, ब, क अशी वर्गवारी केली. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि जवळच्या गाठींमध्ये पोचली का, एवढंच पाहून. आजच्या स्टेज त्याच वाटेने आल्या. स्टेज हा मोठा घटक खराच. अमेरिकेतल्या आकड्यांत रोग जागच्या जागी असेल तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वदच्या आसपास हयात असतात, दूर पसरला असेल तर पंधराच्या आसपास. पण ‘चौथी स्टेज’ ही एक खोली नाही, ती अख्खी चाळ आहे. यकृतात दोन-तीन गाठी, त्या कापून काढता येण्यासारख्या, आणि बाकी कुठे काही नाही, अशा पेशंटचं ऑपरेशन नीट झालं तर पाच वर्षांनी दहातले चारेक जण हयात असल्याचे अनुभव आहेत. तोच रोग पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला असेल तर हिशेब पुष्कळ खाली येतो. दोघांच्या फाइलवर शिक्का एकच: स्टेज चार.

म्हणून सुभेदारांना मी पहिला प्रश्न विचारायला सांगितला: यकृताच्या सर्जनने स्कॅन पाहिलंय का? किमो देणाऱ्या डॉक्टरांनी नव्हे, यकृत कापणाऱ्याने. आज कापता येत नसेल तर किमोने आकसल्यावर येईल का? या एका उत्तराने मध्यकच बदलतो.

दुसरा घटक म्हणजे गाठीचा स्वभाव. तुकडा तपासायला जातो तेव्हा त्यातल्या जनुकांची तपासणी करता येते. केआरएएस आणि एनआरएएस बिघडलेले असतील तर एका प्रकारची औषधं लागू पडत नाहीत. बीआरएएफ या जनुकातला एक ठरावीक बिघाड दहातल्या एखाद्या पेशंटमध्ये सापडतो आणि तो रोग जास्त आक्रमक असतो. उलट शंभरातल्या चार-पाच पेशंटांत एमएसआय-हाय नावाचा प्रकार असतो, म्हणजे पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त. ऐकायला वाईट, पण अशा गाठीवर प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं चालतात. २०२० साली ३०७ पेशंटांवरच्या एका ट्रायलचा निकाल आला. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाने रोग मध्यकाने साडेसोळा महिने आवरून धरला, किमोने आठ महिन्यांच्या आसपास. औषध महाग आहे, मोठ्या नोकरीवाल्यालाही परवडेलच असं नाही. पण तपासणी झालीच नाही तर तो प्रश्नसुद्धा उभा राहत नाही. तरुण पेशंटमध्ये ही तपासणी आणखी एका कारणासाठी हवी. हा प्रकार कधी कधी घराण्यात चालत आलेला असतो, आणि मग भाऊ-बहिणींची तपासणी हा पुढचा विषय होतो.

बाकीचे घटक पटकन सांगतो. गाठ डाव्या बाजूला असेल तर सहसा उजवीपेक्षा बरं. रक्तातलं सीईए किती चढलंय. पेशी अंगठीच्या आकाराच्या, ज्याला सिग्नेट रिंग म्हणतात तशा, असतील तर वाईट. आणि पेशंट स्वतः हिंडतोफिरतो की दिवसाचा बराच वेळ खाटेवर असतो. हा शेवटचा घटक साधा वाटतो, पण अंदाजात त्याचं वजन मोठं आहे. डॉक्टर त्याला शून्य ते चार असे गुण देतात.

आता तरुणपणाकडे येऊ. सगळ्या घरांत एक वाक्य ऐकू येतं: “तरुण आहे हो, सोसेल.” सोसेल, हे खरं. किमोचा मारा तरुण शरीर जास्त सहन करतं. पण सोसणं आणि वाचणं या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेत एका मोठ्या ट्रायलमध्ये पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरचे २३२६ पेशंट होते, त्यातले ५१४ पन्नाशीच्या आतले. २०२२ साली त्यांचा हिशेब छापून आला. तरुणांचा मध्यक सुमारे २७ महिने, मोठ्यांचा सुमारे २६. म्हणजे फरक नाहीच म्हणा. आणि पस्तिशीच्या आतल्यांचा तर सुमारे २२, मोठ्यांपेक्षा कमी. त्याआधी २०१४ मध्ये चोवीस ट्रायल आणि वीस हजारांवर पेशंट एकत्र करून पाहिलं, तेव्हाही अगदी तरुण आणि अगदी वृद्ध अशी दोन्ही टोकं मधल्या वयापेक्षा वाईट निघाली. तरुणांवर मोठ्यांपेक्षा जोरदार किमो चालवली जाते आणि त्या प्रमाणात आयुष्य वाढलेलं दिसत नाही, हेही अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमधून २०१५ साली पुढे आलंय.

तरुणांचं आणखी एक दुखणं उशिराचं. तिशीतल्या माणसाला शौचातून रक्त जातं तेव्हा तो काय समजतो? मूळव्याध. कुठल्याही एसटी स्टँडबाहेर भिंतीवर बघा, ‘मूळव्याध, भगंदर, एका भेटीत आराम’. रक्त, न थांबणारं पोटदुखणं, जुलाब आणि रक्तातलं लोह कमी होणं, ही चार लक्षणं तरुणांत निदानाच्या आधी कित्येक महिने दिसतात, असं अमेरिकेतल्या २०२३ च्या एका अभ्यासात नोंदलंय. पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका, रक्त जातंय कुठून ते शोधायला लावा. हे आजच्या विषयाच्या थोडं बाहेरचं आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आणि ही फक्त अमेरिकेची गोष्ट आहे असं समजू नका. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये २०१३-१४ या एका वर्षात आतड्याच्या कॅन्सरच्या ८०० नव्या पेशंटांचा आढावा घेतला, त्यांचं सरासरी वय ४७ निघालं. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा रोग. आपल्याकडे देशाची लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक कारण. पण टाटाच्या पेशंटांत त्या सिग्नेट रिंग गाठींचं प्रमाणही पश्चिमेपेक्षा कितीतरी जास्त होतं. इथे चेन्नईत तर या रोगाची आणि तरुण वयाची आठवण जुनी आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२० च्या दशकात गुदाशयाच्या कॅन्सरने तरुणपणीच गेली. त्या दुःखातून अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलं, १९५४ साली, बारा खाटांवर. पुढे डॉ. शांता यांनी ते नावारूपाला आणलं. मी कोवलमहून गावात जातो तेव्हा त्या बाजूने गेलो की बाहेर बसलेली माणसं दिसतात, हातात तपासण्यांच्या पिशव्या.

आता मोबाइलवर येणारे कॅल्क्युलेटर. सुभेदारांच्या मुलाने तेही करून पाहिलं होतं, इंजिनिअरच तो. डॉक्टरी भाषेत याला नोमोग्राम म्हणतात. वय, स्टेज, गाठीची जात, सीईए, पसरण्याच्या जागा, ऑपरेशन झालं का, प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज, बेरजेसमोर ‘तीन वर्षं जगण्याची शक्यता इतके टक्के’. आमच्या फायरिंग टेबलसारखंच. तरुणांसाठी वेगळे नोमोग्रामही निघालेत. पण त्याला दोन प्रश्न विचारा.

पहिला, नेम किती चांगला? या मॉडेलना एक गुण देतात. अर्धा गुण म्हणजे नाणेफेक, एक म्हणजे देवाची वाणी. यातली पुष्कळशी मॉडेल ०.७ ते ०.८ च्या घरात असतात. त्याचा अर्थ असा: दोन पेशंट समोर ठेवले तर कोण आधी जाईल हे दहातल्या सात-आठ जोड्यांत बरोबर सांगतं, दोन-तीन जोड्यांत चुकतं. पलटणीसाठी उत्तम. तुमच्या एका पोरासाठी नाही.

दुसरा, हे टेबल कुठल्या तोफेवर बनवलं? बहुतेक नोमोग्राम अमेरिकेच्या सीर नावाच्या सरकारी नोंदींवर बनतात, १९७३ पासूनच्या. प्रचंड आणि शिस्तबद्ध काम. पण त्यात पेशंट किती हिंडताफिरता होता हे नसतं, कुठली किमो किती दिली हे नीट नसतं, जनुकांची माहिती सहसा नसते. आणि सातारच्या मुलाचं जेवण, त्याचा विमा, सर्जनपर्यंत पोचायला लागलेले महिने, हे तर कुठेच नसतं. बोफोर्सचं टेबल घेऊन तुम्ही जुनी फील्ड गन चालवू शकत नाही.

आपलं टेबल बनवायचं तर आपली माणसं मोजावी लागतात, आणि ते मोजणारे लोक मला खरे शूर वाटतात. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली कॅन्सर नोंदवही सुरू केली. चेन्नईची नोंदवही अड्यारहून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालते. आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांतून माणसं फिरतात, कुणाला काय झालं, कोण गेलं, विचारतात. शहरातल्या हॉस्पिटलात पेशंट घरी परतला की नोंद थांबते. तो जगला की गेला हे कळत नाही, आणि मग मध्यक खोटा पडतो. बार्शीच्या माणसाने दारात जाऊन विचारल्यावर तो खरा होतो. तुमच्या घरी असा फोन आला, कुणी नोंदवहीसाठी विचारायला आलं, तर कृपा करून दार लावू नका.

डॉक्टरांच्या तोंडी अंदाजाबद्दलही सांगायला हवं. २००० साली शिकागोत निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमोंट यांनी ३४३ डॉक्टरांना अखेरच्या टप्प्यातल्या ४६८ पेशंटांचा अंदाज विचारला. बरोबर आले पाचातले एक. बहुतेक चुका एकाच बाजूला: सांगितलं जास्त, जगला कमी. सरासरीने पाचपटीहून अधिक. आणि डॉक्टर पेशंटला जितका जुना ओळखत होता तितका अंदाज जास्त चुकला. मला यात डॉक्टरांची लबाडी दिसत नाही, माया दिसते. ऐकणाऱ्याचीही तीच गत. २०१२ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटांना विचारलं, तर शंभरातल्या ८१ जणांना किमो बहुधा बरं करणार नाही, ती आयुष्य लांबवण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी आहे, हे नीट कळलेलंच नव्हतं. आपल्याकडे तर डॉक्टर बापाशी बोलतात, बाप आईला अर्धं सांगतो, आणि सदतीस वर्षांच्या कर्त्या मुलाला म्हणतात, “इन्फेक्शन आहे रे, होईल बरं.” हे मला मान्य नाही. त्याची बायको, त्याची मुलगी, त्याचं कर्ज. आकडा आधी त्याचा. त्याला नको असेल तर नको, पण ते त्याने म्हणावं. सुभेदारांशी माझी यावर दोनदा वादावादी झाली. शेवटी मुलानेच बापासमोर डॉक्टरांना विचारलं.

आणि आकडा एकदाच विचारायचा नसतो. पहिला गोळा पडला की ओपीवरचा अधिकारी दुर्बिणीतून बघतो, सुधारणा सांगतो, मग दुसरा. किमोच्या दोन-तीन महिन्यांनी पहिलं स्कॅन होतं, तो पहिला गोळा. गाठी आकसल्या तर हिशेब नव्याने मांडा, वाढल्या तरी मांडा. आणि जो वर्षभर जगला तो आता पहिल्या शंभरात नाही, तो उरलेल्यांच्या पलटणीत आहे, त्याचा मध्यक वेगळा. हे फार घरांना कुणी सांगत नाही.

आता तरुणांपुरत्या दोन-तीन गोष्टी, ज्या आकडा कळल्यावर लगेच करायच्या. किमो किंवा ओटीपोटाचं रेडिएशन सुरू होण्याआधी, मूल हवं असण्याची शक्यता असेल तर वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो, आणि सासरमाहेरच्या गर्दीत हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. वेदना आणि मळमळ सांभाळणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर अखेरीला नव्हे, सुरुवातीलाच गाठा. ते आले म्हणजे आशा सोडली असं नाही. फौजी घरांसाठी एक सूचना: नोकरीला लागलेला मुलगा आपल्या ईसीएचएस कार्डावर बसत नाही, त्यामुळे त्याच्या कंपनीचा विमा नोकरी सुटल्यावर किती दिवस चालतो ते आधी वाचा, राजीनामा मग द्या. बँक, पीएफ, टर्म इन्शुरन्स, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते तपासा. पुष्कळ पोरांनी लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं.

या कागदपत्रांचं काम कसं करायचं, कुठला फॉर्म कुठे मिळतो, हे पुढच्या भागात नीट घेऊ. सोबत आमच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये काम केलेले एक हवालदार क्लार्क असतील, त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. नमस्कार.